स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट व्हायचंय? पदव्युत्तर शिक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे रोजच्या भाषेत स्पीच थेरपिस्ट, घडवणाऱ्या अभ्यासक्रमाकडे वळणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि दुसऱ्या क्षेत्रातून इकडे येऊ पाहणारे लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मी क्लिनिकमध्ये विद्यार्थ्यांच्या कामावर देखरेख करते, त्यामुळे उत्तरांचा कल वर्गापेक्षा क्लिनिककडे जास्त आहे. फी आणि वसतिगृहाची चौकशी त्या-त्या विद्यापीठाच्या कार्यालयात केलेली बरी.

हे काम म्हणजे बोबड्या मुलांचे उच्चार सुधारणं, एवढंच ना?

तो या कामाचा एक कोपरा झाला. उशिरा बोलू लागलेली मुलं, स्वमग्न मुलं, टाळू दुभंगलेली बाळं, अडखळत बोलणारे तरुण, आवाज बसलेले शिक्षक आणि गायक, पक्षाघातानंतर शब्द हरवलेली माणसं, पार्किन्सन्समुळे आवाज क्षीण झालेले ज्येष्ठ, डोक्याला मार लागल्यावर लक्ष आणि स्मरण ढासळलेले रुग्ण, हे सगळे याच तज्ज्ञाकडे येतात. आणि गिळण्याचे विकार. मोठ्या रुग्णालयात काम करणाऱ्या स्पीच थेरपिस्टचा अर्धाअधिक दिवस रुग्णाला तोंडाने काय आणि कसं देता येईल, हे ठरवण्यात जाऊ शकतो. प्रवेश घेताना हे ठाऊक नसलेले विद्यार्थी पहिल्या रुग्णालयीन पोस्टिंगला चांगलेच हबकतात.

पदव्युत्तर पदवी लागतेच का?

तुम्ही कुठे काम करणार यावर ते अवलंबून आहे. अमेरिकेत आणि कॅनडात या व्यवसायात शिरायला मास्टर्स पदवीच लागते. अमेरिकेत ती साधारण दोन वर्षांची असते. ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षांची पदवी किंवा दोन वर्षांचं मास्टर्स, दोन्ही वाटा खुल्या आहेत, मात्र पुढे हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी केल्याशिवाय स्वतःला स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्ट म्हणवून घेता येत नाही. ऑस्ट्रेलियातही दोन्ही वाटा आहेत. भारतात बीएएसएलपी (बॅचलर ऑफ ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी) ही चार वर्षांची पदवी, त्यातलं एक वर्ष इंटर्नशिपचं, आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी एवढ्यावर काम सुरू करता येतं. या पदवीत वाचा आणि श्रवण हे दोन्ही विषय एकत्र शिकवतात. मास्टर्सला त्यांतली एक वाट निवडायची असते.

माझी पदवी दुसऱ्याच विषयात आहे. चालेल?

अमेरिकेत चालते. भाषाशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, परिचर्या, संगीत अशा विषयांतून आलेले विद्यार्थी तिथल्या वर्गात नेहमी दिसतात. पण आधी पायाचे विषय पूर्ण करावे लागतात: ध्वनिशास्त्र, बोलण्या-ऐकण्याच्या अवयवांची रचना आणि कार्य, मुलं भाषा कशी शिकतात, श्रवणशास्त्राची तोंडओळख. शिवाय जीवशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि एखादं सामाजिक शास्त्रही लागतं. यात सहज एक वर्ष जादा जातं, ते हिशेबात धरा. भारतात मास्टर्सच्या प्रवेशासाठी याच विषयातली पदवी मागतात, तेव्हा बाहेरून थेट उडी मारता येत नाही.

पहिल्या सत्रात सगळ्यात जड काय जातं?

बहुतेकांना मज्जासंस्था. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकांनी एका रुग्णाच्या मेंदूचं शवविच्छेदन केलं. हा माणूस बोललेलं समजून घ्यायचा, पण त्याच्या तोंडून जवळपास ‘ताँ’ एवढंच निघायचं. डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात इजा सापडली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी उलट चित्र मांडलं: बोलणं ओघवतं, पण अर्थाचा पत्ता नाही आणि समोरच्याचं समजत नाही. विद्यार्थी ही दोन नावं पाठ करतात, दोन खाने करतात आणि वॉर्डात गेले की पहिलाच रुग्ण दोन्हींत बसत नाही. बायकोचं नाव आठवत नसलेला माणूस एक ते दहा आकडे घडाघडा म्हणतो. शिव्या तर खणखणीत देतो. घरच्यांना वाटतं, हा मुद्दाम करतोय. सवयीने येणारं बोलणं आणि विचार करून जुळवलेलं बोलणं यांत फरक असतो, हे त्यांना समजावून सांगणं हादेखील तुमच्या अभ्यासाचा भाग.

मग येतात मेंदूतून थेट निघणाऱ्या नसा. बारांपैकी निदान पाच-सहा तोंडपाठ हव्यात: पाचवी जबड्यासाठी, सातवी चेहऱ्यासाठी, नववी आणि दहावी घसा व स्वरयंत्रासाठी, बारावी जिभेसाठी. दहाव्या नसेची एक फांदी विद्यार्थ्यांना कायम चकवते. स्वरयंत्राकडे जाणारी डावी नस आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि मग पुन्हा मानेत वर चढते. म्हणून आवाज घोगरा झालेल्या माणसाचं मूळ दुखणं फुप्फुसाजवळच्या गाठीत असू शकतं. कान-नाक-घसा तज्ज्ञाने स्वरयंत्र पाहिल्याशिवाय आवाजाची थेरपी सुरू करू नका, असं आम्ही पुन्हापुन्हा बजावतो ते यासाठीच.

विज्ञान कच्चं आहे. झेपेल का?

मेहनत केली तर झेपतं. ध्वनीचं भौतिकशास्त्र लागतं, पण ते हाताशी येणारं आहे: स्वरतंतूंच्या कंपनातून मूळ आवाज तयार होतो, घसा-तोंड-नाक यांची पोकळी त्याला आकार देते, आणि जिभेची जागा बदलली की ‘आ’चा ‘ई’ होतो. स्वतःचाच आवाज स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, पाहिला की निम्मी भीती जाते.

ध्वनिलेखन शिकायचं म्हणजे काय? देवनागरीत जसं बोलतो तसं लिहितोच की.

तसं वाटतं खरं, पण ‘चार’ आणि ‘चाक’ मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर एकच, आवाज दोन. ‘घर’मधला शेवटचा अ लिहिलेला आहे, पण आपण तो उच्चारत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी शिकावी लागते. ती तयार करणारी संस्था १८८६ मध्ये स्थापन झाली. तिची चिन्हं दोन आठवड्यांत येतात, कान तयार व्हायला मात्र वर्ष जातं.

अडचण अशी की आपला कान दुरुस्ती करत ऐकतो. चार वर्षांचा मुलगा ‘ताता आला’ म्हणतो आणि विद्यार्थिनी वहीत ‘काका आला’ लिहून मोकळी होते, कारण तिला अर्थ कळलेला असतो. मुलाने काय म्हटलं ते लिहायचं, त्याला काय म्हणायचं होतं ते नाही. तसं लिहिलं की मग आकृती दिसू लागते. हाच मुलगा ‘गाय’ला ‘दाय’ म्हणतो. म्हणजे क आणि ग या दोन वेगळ्या चुका नाहीत. जिभेच्या मागच्या भागाने करायचे आवाज तो पुढे ओढतो आहे, ही एकच सवय आहे. ती सुटली की दोन्ही अक्षरं बरीचशी एकदम सुधारतात. एकेक अक्षर घोटत बसलेल्या थेरपीत अशी कित्येक आठवड्यांची भर पडते.

क्लिनिकल तास म्हणजे काय आणि ते कसे मोजतात?

अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण तिथले आकडे नेमके आहेत. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनच्या प्रमाणपत्रासाठी ४०० तास लागतात. त्यातले २५ निरीक्षणाचे आणि ३७५ प्रत्यक्ष रुग्णाबरोबरचे. प्रत्यक्ष तासांपैकी जास्तीत जास्त ७५ सिम्युलेशनवर, म्हणजे खऱ्या रुग्णाऐवजी उभ्या केलेल्या सरावाच्या प्रसंगांवर, चालतात. उच्चार, ओघ, आवाज, भाषा, श्रवण, गिळणं, लक्ष-स्मरणासारख्या बौद्धिक क्रिया, सामाजिक संवाद आणि पर्यायी संवादसाधनं अशा नऊ क्षेत्रांत विद्यार्थ्याची तयारी दिसावी लागते. सुपरवायझरने एकूण प्रत्यक्ष वेळेच्या किमान २५ टक्के वेळ स्वतः हजर राहून पाहायचं असतं.

आता या आकड्यामागचं काम पाहा. सेशनची तयारी, साहित्य जमवणं, अहवाल लिहिणं, सुपरवायझरबरोबरची चर्चा, यांतलं काहीच या तासांत धरत नाहीत. सुरुवातीला पाऊण तासाच्या सेशनमागे संध्याकाळ जाते. तिसऱ्या-चौथ्या केसनंतर हे प्रमाण उतरतं, पण शून्यावर कधीच येत नाही.

पहिल्या केसमध्ये विद्यार्थी कुठे अडखळतात?

गप्प बसण्यात. मुलाला चित्र दाखवलं, त्याने एक-दोन सेकंद उत्तर दिलं नाही, की विद्यार्थी स्वतःच उत्तर देतो, किंवा प्रश्न बदलतो, किंवा एकावर एक तीन प्रश्न टाकतो. शांतता त्याला स्वतःच्या अपयशासारखी वाटते. रेकॉर्डिंग ऐकवलं की लक्षात येतं: अर्ध्या तासात मूल पाच मिनिटं बोललं आणि थेरपिस्ट पंचवीस. मुलाच्या बोलण्याचा नमुना घ्यायचा तर निदान ५० वाक्यं तरी हवीत, त्याशिवाय वाक्याची सरासरी लांबी काढण्यात अर्थ नाही. ती मिळवायची तर खेळ त्याच्या मर्जीने चालू द्यावा लागतो.

दुसरी अडचण उद्दिष्ट लिहिण्याची. ‘मूल क नीट म्हणेल’ हे उद्दिष्ट होत नाही. ‘चित्र पाहून, नमुना न ऐकता, क ने सुरू होणारे २० पैकी १६ शब्द सलग दोन सेशनमध्ये बरोबर म्हणेल’ हे चालेल. कोरडं वाटतं, पण तीन महिन्यांनी पालकांनी ‘फरक पडतोय का?’ असं विचारलं की हेच वाक्य उपयोगी पडतं.

गिळण्याचं एवढं काय मोठं?

बोलण्याचे अवयव तेच गिळण्याचे, म्हणून हे काम या तज्ज्ञाकडे आलं. घास गिळताना स्वरयंत्र वर-पुढे सरकतं, स्वरतंतू मिटतात आणि श्वास क्षणभर थांबतो. पक्षाघातात हा ताळमेळ बिघडला तर अन्न श्वासनलिकेत उतरतं आणि त्यातून निमोनिया होऊ शकतो. आपल्याला अशा वेळी ठसका लागतो. काही रुग्णांना तो लागतच नाही, घशाची संवेदनाच गेलेली असते. खाटेशेजारी बसून कितीही बारकाईने पाहिलं तरी असा रुग्ण ‘छान गिळतोय’ असं वाटू शकतं. म्हणून एक्स-रेवर दिसणारं बेरियम मिसळलेला घास देऊन एक्स-रेच्या चलचित्रावर गिळणं पाहतात, किंवा नाकातून बारीक कॅमेरा घालून घसा पाहतात.

पातळ पेय पटकन श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून अशा रुग्णांना ते दाट करून देतात. द्रव किती दाट हवा यासाठी ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय पातळ्यांची पद्धत आहे. ० ते ४ पेयांसाठी, ३ ते ७ अन्नासाठी. तपासायला १० मिलिलिटरची सिरिंज पुरते: ती भरून १० सेकंद वाहू द्यायची आणि मागे किती उरलं ते बघायचं. १ मिलिलिटरपेक्षा कमी उरलं तर ते पातळ, म्हणजे पातळी ०. ८ पेक्षा जास्त उरलं आणि तरी वाहतंय, तर पातळी ३.

परीक्षेत हे सोपं जातं. वॉर्डात गोष्ट वेगळी असते. दाट केलेलं पाणी रुग्णांना आवडत नाही, ते कमी पितात आणि शरीरातलं पाणी घटतं; निमोनिया टाळायला गेलो आणि दुसरंच दुखणं ओढवलं असं होतं. एखादे आजोबा स्पष्ट सांगतात, ‘मला साधं पाणी द्या, काय व्हायचं ते होऊ दे.’ ते शुद्धीवर आहेत, त्यांना धोका समजला आहे. अशा वेळी तुम्ही हुकूम सोडायचा नसतो. धोका नीट समजावायचा, तो कमी कसा करता येईल ते सांगायचं (तोंडाची स्वच्छता, बसण्याची पद्धत, छोटे घोट) आणि डॉक्टर-नातेवाइकांबरोबर बोलून निर्णय नोंदवायचा. हे शिकवणारा सुपरवायझर मिळाला तर त्याला सोडू नका.

दोन भाषांमुळे मूल गोंधळतं का? अभ्यासक्रमात याचं काय शिकवतात?

गोंधळत नाही. दोन भाषा कानावर पडल्याने भाषेचा विकार होत नाही. विकार असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. एकाच भाषेत कमी पडणाऱ्या मुलाला बहुधा त्या भाषेचा सराव कमी असतो. ‘घरची भाषा बंद करा’ हा सल्ला अजूनही दिला जातो आणि त्याने मुलाचं आजी-आजोबांशी असलेलं बोलणंच तुटतं. दुसरी गोष्ट, एका भाषेतली प्रमाणित चाचणी नुसती भाषांतर करून वापरता येत नाही. मूळ भाषेतले गुण त्या भाषेच्या मुलांवरून काढलेले असतात. चांगल्या विभागात हे पहिल्याच वर्षी समजावतात.

इंटरनेटवर इतक्या थेरपी दिसतात. कुठली शिकावी?

आधी पुरावा कसा वाचायचा ते शिका. फुंकण्या-चोखण्याचे, जिभेचे व्यायाम उच्चार सुधारण्यासाठी सर्रास करून घेतात. उच्चारावर त्यांचा परिणाम होतो असा भक्कम पुरावा नाही. बोलायला शिकायचं तर बोलण्याचाच सराव लागतो. याहून गंभीर प्रकार म्हणजे, न बोलणाऱ्या व्यक्तीचा हात धरून तिला कीबोर्डवर टाइप करायला ‘मदत’ करणं. नियंत्रित चाचण्यांत दिसलं की शब्द हात धरणाऱ्याचे असतात, त्या व्यक्तीचे नव्हेत. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने २०१८ मध्ये या पद्धतीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. पालक आशेने हे मागतात, तेव्हा नाही म्हणणं अवघड असतं. म्हणून नाही म्हणून थांबू नका. पुढे काय करता येईल तेही दाखवा. चित्रांचा तक्ता, टॅब्लेटवरचं संवादाचं ॲप, नजरेने चालणारं यंत्र, ज्यांत निवड त्या व्यक्तीचीच राहते, असे खरे पर्याय आहेत.

मी स्वतः अडखळत बोलतो. मला प्रवेश देतील?

हो, आणि संकोच करू नका. या शास्त्राच्या पहिल्या पिढीतले चार्ल्स व्हॅन रायपर आणि वेंडेल जॉन्सन दोघेही अडखळत बोलत. त्याच जॉन्सन यांच्या देखरेखीखाली १९३९ मध्ये आयोवातल्या अनाथ मुलांवर एक प्रयोग झाला. नीट बोलणाऱ्या मुलांनाही ‘तुमचं बोलणं बिघडतंय’ असं सांगितलं गेलं. आयोवा विद्यापीठाने २००१ मध्ये त्याबद्दल माफी मागितली. संशोधनातल्या नीतिनियमांच्या तासाला हे प्रकरण हमखास येतं. तुमच्या बोलण्याबद्दल बोलायचं तर, अडखळणाऱ्या रुग्णाला समोर अडखळणारा थेरपिस्ट दिसला तर त्याचा धीर वाढतो, असाच माझा अनुभव आहे.

प्रबंध करावा का?

पीएच.डी.चा विचार असेल तर करा. नसेल तर तो वेळ अवघड पोस्टिंगला द्या.

शिकता शिकता नोकरी जमेल?

पूर्णवेळ अभ्यासक्रमात फार तर काही तासांची. दिवसा क्लिनिक, संध्याकाळी लेखन, हे गणित पक्कं आहे.

पूर्ण ऑनलाइन पदवी मिळते का?

वर्गातले विषय ऑनलाइन होऊ शकतात, क्लिनिक नाही. मान्यताप्राप्त ऑनलाइन कार्यक्रमही तुम्हाला प्रत्यक्ष पोस्टिंगला पाठवतात. मान्यता नसलेली पदवी घेतली तर परवाना मिळत नाही, तेव्हा पैसे भरण्याआधी मान्यतेची नोंद स्वतः तपासा.

मग विभाग निवडताना नेमकं काय विचारू?

इमारत, क्रमवारी आणि प्रयोगशाळेतली यंत्रं लोक खूप विचारतात. मी असते तर शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून पोस्टिंगबद्दल विचारलं असतं. पोस्टिंग कोण लावून देतं, विभाग की विद्यार्थ्याने स्वतः शोधायची? मोठ्या माणसांच्या रुग्णालयात किती आठवडे मिळतात, की दोन्ही वर्षं शाळेतल्या मुलांतच जातात? गिळण्याच्या एक्स-रे तपासणीला विद्यार्थी उभा राहतो की त्याची फक्त चित्रफीत वर्गात दाखवतात? सुपरवायझर सेशननंतर बसून बोलतो की कागदावर सही करून निघतो? तास अपुरे राहिले तर पदवी अडकते का, आणि गेल्या वर्षी किती जणांची अडकली?

शेवटच्या प्रश्नावर विभागप्रमुख घुटमळले तर ते लक्षात ठेवा. पुस्तकं सगळीकडे जवळपास तीच असतात. शेजारी बसून ‘तू आत्ता थांबायला हवं होतंस’ असं सांगणारं माणूस मात्र सगळीकडे नसतं, आणि दोन विभागांतल्या पदवीधरांमधला फरक बहुतांशी तिथेच पडतो.

पदवी मिळाली की लगेच स्वतंत्र काम?

बहुतेक ठिकाणी नाही. अमेरिकेत राष्ट्रीय परीक्षा असते, आणि त्याखेरीज किमान ३६ आठवडे व १,२६० तासांची फेलोशिप अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली करावी लागते. प्रमाणपत्र मिळाल्यावरही ते टिकवायला दर तीन वर्षांत ३० तासांचं पुढचं शिक्षण लागतं.

एका देशात शिकून दुसरीकडे काम करता येईल?

येतं, पण आपोआप नाही. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथल्या व्यावसायिक संघटनांमध्ये परस्पर मान्यतेचा करार आहे. त्यांच्या सदस्यांना काही टप्पे माफ होतात, परवान्याची प्रक्रिया माफ होत नाही. भारत या करारात नाही. भारतीय पदवीधरांना आपले विषय, गुण आणि क्लिनिकल तास तिकडच्या निकषांवर तपासून घ्यावे लागतात. म्हणून शिकत असतानाच प्रत्येक पोस्टिंगच्या तासांची नोंद, क्षेत्रानुसार आणि वयोगटानुसार, सुपरवायझरच्या सहीसकट स्वतःजवळ ठेवा. विभाग ती कायम जपेल असं गृहीत धरू नका. सुपरवायझर निवृत्त होतात, आणि दहा वर्षांनी सही मागायला कुणाकडे जाणार?